गेलिक फुटबॉलचे गावोगावचे क्लब: शेजाऱ्यांची चुरस, पिढ्यांचा वारसा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आयर्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी कुटुंबांकडून आणि इथे घरी बसून फायनल पाहणाऱ्या खेळप्रेमींकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला अगदी मुळाक्षरं आहेत, मग वैराचा आणि वारशाचा भाग येतो, शेवटी नियमांतल्या खाचाखोचा. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे परत सांगितलेलं नाही, त्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. गेलिक फुटबॉल म्हणजे सॉकर की रग्बी?

दोन्ही नाही. 15 विरुद्ध 15 खेळाडू, गोल चेंडू, वजन 480 ते 500 ग्रॅम, म्हणजे सॉकरच्या चेंडूपेक्षा जरा जड. मैदान मात्र सॉकरपेक्षा बरंच मोठं: 130 ते 145 मीटर लांब आणि 80 ते 90 मीटर रुंद. चेंडू हातात घेऊन चार पावलं पळता येतं. त्यानंतर तो एकदा जमिनीवर आपटायचा, किंवा पायावर टाकून परत हातात घ्यायचा. या दुसऱ्या प्रकाराला 'सोलो' म्हणतात. सलग दोन टप्पे चालत नाहीत. नवशिक्याची पहिली चूक हमखास हीच असते. साथीदाराला चेंडू फेकून देता येत नाही. एका हातावर धरून दुसऱ्या हातानं ठोसायचा, नाहीतर लाथेनं द्यायचा. क्लबचा सामना 60 मिनिटांचा असतो आणि काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याच्या संघाचा) वरिष्ठ सामना 70 मिनिटांचा.

2. '2-10' असा स्कोअर कसा वाचायचा?

पहिला आकडा गोल, दुसरा पॉइंट. गोलखांब इंग्रजी 'एच' अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे 3 गुण. दांडीवरून दोन खांबांमधून गेला तर पॉइंट, म्हणजे 1 गुण. जानेवारी 2024 च्या ऑल-आयर्लंड क्लब फायनलचा, म्हणजे अख्ख्या आयर्लंडच्या क्लब स्पर्धेतल्या अंतिम सामन्याचा, निकाल 2-10 विरुद्ध 1-12 असा होता. पहिल्या संघाचे 16, दुसऱ्याचे 15. डेरी काउंटीतला ग्लेन हा क्लब रॉसकॉमनच्या सेंट ब्रिजिड्सवर एका गुणानं जिंकला.

2025 पासून एक भर पडली आहे. गोलपासून 40 मीटरवर आखलेल्या कमानीच्या बाहेरून मारलेली किक खांबांमधून गेली तर 2 गुण मिळतात. पांढऱ्या कोटातले अंपायर गोलला हिरवं निशाण दाखवतात, पॉइंटला पांढरं आणि दोन गुणांच्या किकला नारिंगी. छापील निकालात मात्र या किकचे दोन्ही गुण पॉइंटच्या आकड्यातच मिळवलेले असतात, त्यामुळे जुना हिशेब तसाच चालतो.

3. क्लब आणि काउंटी यांत फरक काय? खेळाडू नक्की कोणाचा?

खेळाडू क्लबचा. काउंटी त्याला बोलावते आणि हंगाम संपला की परत पाठवते. संघटना, म्हणजे गेलिक ॲथलेटिक असोसिएशन (जीएए), 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्लस गावातल्या हेज हॉटेलात स्थापन झाली. तिची रचना खालून वर जाते: क्लब, मग काउंटी, मग अल्स्टर, मन्स्टर, लीन्स्टर आणि कॉनॉक्ट हे चार प्रांत, आणि सगळ्यांत वर डब्लिनचं क्रोक पार्क. सुरुवातीला काउंटीचा वेगळा संघच नव्हता. काउंटीचा विजेता क्लब तिच्या नावानं उतरायचा. 1887 सालची काउंट्यांची पहिली ऑल-आयर्लंड फायनल लिमरिकच्या कमर्शियल्स क्लबनं लाउथच्या यंग आयर्लंड्सला हरवून जिंकली. तेव्हा क्लब हीच या खेळाची मूळ पेढी आहे आणि काउंटीचा डोलारा नंतर तिच्यावर उभा राहिला.

4. खेळाडूंना पैसे मिळतात का?

नाही. संघटना हौशी आहे. ऑल-आयर्लंड जिंकलेला माणूस सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला, गोठ्यात किंवा बँकेत कामावर असतो. क्लबचा खर्च सभासदांची वर्गणी, क्लबची लॉटरी, स्थानिक दुकानांचं प्रायोजकत्व आणि तिकिटं यांवर चालतो. गवत कापण्यापासून चहापर्यंतची कामं गावातले लोक फुकट करतात. प्रश्न 7 मधलं वैर समजून घ्यायचं तर हे लक्षात ठेवायला हवं. इथे कोणी पगारासाठी दुसऱ्या क्लबात जात नाही, म्हणून गेला तर त्याचा अर्थ फार वेगळा लागतो.

5. मला आवडेल तो क्लब निवडता येतो का?

गावाकडे बहुधा नाही. क्लबची हद्द साधारण पॅरिशची असते, म्हणजे एका चर्चला जोडलेली गावं आणि वाड्या. बऱ्याच काउंट्यांच्या पोटनियमांत हे लिहूनच ठेवलेलं आहे: ज्या पॅरिशमध्ये राहता, त्याच क्लबकडून खेळायचं. शीव कधी ओढ्यावरून जाते, कधी एखाद्या बोळातून. एकाच रस्त्यावरची समोरासमोरची दोन घरं वेगवेगळ्या क्लबांत असू शकतात, आणि तिथल्या पोरांना ती रेघ नकाशाशिवाय पाठ असते.

शहरांत हे सैल होतं. डब्लिनमध्ये घराजवळचे दोन-तीन क्लब पाहून ठरवता येतं. पण एकदा एका क्लबकडून अधिकृत सामना खेळलात की तो तुमचा 'पहिला क्लब' होतो, आणि तिथून निघणं सोपं नाही (प्रश्न 14).

6. आम्ही नुकतेच डब्लिनला आलो आहोत. मुलांना कुठे आणि कसं घालायचं?

घराच्या सर्वांत जवळच्या क्लबात. ल्यूकनमध्ये ल्यूकन सार्सफील्ड्स आहे, स्वोर्ड्समध्ये फिंगॅलियन्स. शाळेतल्या शिक्षकांना विचारलंत तरी ते सांगतील, कारण प्राथमिक शाळेत हाच खेळ शिकवतात. लहान मुलांच्या वर्गांना 'नर्सरी' किंवा 'अकॅडमी' म्हणतात आणि ते बहुधा शनिवारी सकाळी भरतात. आधी एक-दोनदा नुसतं पाहायला जा. मग 'फिरन' या ऑनलाइन प्रणालीवर मुलाची नोंदणी करून वर्गणी भरा. नोंदणी झालेली नसेल तर विम्याचं संरक्षण नसतं, म्हणून 'पुढच्या महिन्यात भरू' असं करू नका.

सामान थोडंच लागतं: स्टड असलेले बूट, मोजे, चड्डी आणि दातांवर बसवायचा गमशील्ड. गमशील्ड 2013 पासून मुलांना आणि 2014 पासून मोठ्यांना सक्तीचा आहे. तो गरम पाण्यात मऊ करून दातांवर नीट दाबून बसवायचा, नाहीतर पोरं तो हातात धरून खेळतात आणि पंच बाहेर काढतो. 12 वर्षांखालच्या सामन्यांना 'गो गेम्स' म्हणतात. त्यात कप नसतो, फायनल नसते, सगळ्यांना खेळायला मिळतं. आईबाबांनी बाजूला उभं राहून गुण मोजू नयेत हेच बरं. आणि हो, आईवडिलांना लगेच कामाला लावतात. शिटी हातात दिली तर नाही म्हणू नका, ओळखी व्हायचा त्याहून जवळचा रस्ता नाही. प्रशिक्षक म्हणून नाव द्यायचं असेल तर पोलीस पडताळणी आणि बालसुरक्षेचा छोटा अभ्यासक्रम करावा लागतो.

7. शेजारच्याच क्लबशी एवढं वैर का? तिकडच्या मोठ्या क्लबांशी का नाही?

कारण दूरच्या क्लबशी हरलात तर घरी येऊन विसरता येतं. शेजाऱ्याशी हरलात तर तो उद्या दूध घ्यायला भेटतो, रविवारी चर्चच्या दारात भेटतो, आणि बहुतेकदा तुमच्या बहिणीचा दीर असतो. आपल्याकडे भावकीतल्या बांधाचा वाद जसा चालतो तसंच हे आहे: हद्द जितकी जवळची, तितकी धार जास्त.

डेरी काउंटीचं उदाहरण घ्या. मॅहरा गावात ग्लेन क्लब आहे आणि तिथून काही किलोमीटरवर डोंगराकडे स्लॉटनील. दोन्हीकडची अनेक पोरं मॅहराच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत जातात. शाळेचा संघ अल्स्टरची मॅक्रोरी कप स्पर्धा खेळतो तेव्हा ती एका जर्सीत असतात, एकमेकांच्या डाव्या-उजव्या पायाची सवय ओळखून असतात. पुढे क्लबच्या चॅम्पियनशिपमध्ये हेच मित्र एकमेकांवर नजर ठेवून उभे राहतात. कोण कुठल्या बाजूला वळणार हे दोघांनाही माहीत असतं, म्हणून असे सामने अनेकदा मोकळे न होता आवळलेले आणि कमी गुणांचे होतात.

स्लॉटनीलला काउंटीचं पहिलं विजेतेपद 2004 मध्ये मिळालं, आणि 2014 ते 2017 सलग चार वर्षं त्यांनी ते घरी नेलं. 2016 मध्ये तर फुटबॉल, हर्लिंग (काठी-चेंडूचा खेळ) आणि कमोगी (त्याचाच महिलांचा प्रकार) या तिन्ही खेळांत ते अल्स्टरचे विजेते होते. एवढ्याशा वस्तीनं केलेलं हे काम थक्क करणारं आहे. शेजारचा ग्लेन, 1948 चा क्लब, हे सगळं कुंपणाच्या अलीकडून पाहत होता. त्यांना पहिलं काउंटी विजेतेपद मिळायला 2021 उजाडलं, आणि त्या फायनलमध्ये समोर स्लॉटनीलच होता. तिथून तीन वर्षांच्या आत ग्लेन ऑल-आयर्लंड विजेता झाला. स्लॉटनील 2015 आणि 2017 अशा दोन ऑल-आयर्लंड फायनल खेळून दोन्ही हरला आहे. शेजाऱ्याच्या घरात तो कप पाहताना काय होत असेल हे सांगायला नको.

हा योगायोग नाही. डेरीच्या चार वेगवेगळ्या क्लबांनी ऑल-आयर्लंड जिंकली आहे: बेलाही (1972), लेव्ही (1991), बॅलिंडेरी (2002) आणि ग्लेन (2024). चारही काउंटीच्या दक्षिण भागातले, एकमेकांच्या शेजारचे. ज्याला दरवर्षी घराच्या दारातच असा सामना जिंकावा लागतो, त्याला बाहेरचा सामना कमी अवघड वाटतो.

8. एकाच शहरातले क्लब एकमेकांशी कसे वागतात?

केरी काउंटीच्या ट्रली शहरात पाहा. रॉक स्ट्रीटचा क्लब ऑस्टिन स्टॅक्स, स्ट्रँड रोडचा केरिन्स ओराहिलीज, बोहरबीचा जॉन मिचेल्स. पॅरिशऐवजी इथे रस्ता हीच हद्द. कोण कुठल्या गल्लीत जन्मला यावर जर्सी ठरते, आणि घर बदललं तरी घराणं क्लब बदलत नाही. जॉन मिचेल्सनं 1959 ते 1963 सलग पाच काउंटी विजेतेपदं मिळवली. स्टॅक्सनं 1977 ची ऑल-आयर्लंड जिंकली. 2021 ची केरी फायनल स्टॅक्स आणि ओराहिलीज यांच्यात झाली आणि स्टॅक्स जिंकले. पुढच्या वर्षी ओराहिलीजनं जे केलं ते प्रश्न 12 मध्ये आहे.

9. क्लबांना माणसांची नावं का? आणि ही माणसं कोण?

क्लबचा वारसा इथूनच सुरू होतो. बरीच नावं इंग्रजी सत्तेविरुद्ध लढलेल्यांची, बरीच संतांची. ग्लेनचं पूर्ण नाव वॉटी ग्रॅहम्स, ग्लेन. वॉटी ग्रॅहम हा 1798 च्या उठावातला माणूस, प्रेस्बिटेरियन पंथाचा, ज्याला मॅहरात मृत्युदंड झाला. स्लॉटनीलला 1803 मध्ये फाशी गेलेल्या रॉबर्ट एमेटचं नाव आहे. कॅथलिक वस्तीतल्या क्लबानं प्रोटेस्टंट क्रांतिकारकाचं नाव अभिमानानं मिरवणं ही त्या इतिहासातली मोठी सुंदर गोष्ट आहे. ऑस्टिन स्टॅक हा 1904 ची ऑल-आयर्लंड जिंकलेल्या केरीचा कर्णधार होता आणि नंतर स्वातंत्र्यलढ्यातला नेता. किलार्नीच्या डॉ. क्रोक्स या क्लबचं आणि क्रोक पार्कचं नाव एकाच माणसावरून आलं: संघटनेचे पहिले आश्रयदाते, आर्चबिशप क्रोक.

जोडनावं दिसली, जसं साल्थिल-नॉकनाकॅरा किंवा किलकेरिन-क्लोनबर्न, की समजायचं दोन वस्त्या एकत्र नांदताहेत आणि कोणीही आपलं नाव सोडायला तयार नव्हतं.

10. वर्षाचं वेळापत्रक कसं असतं? लीग मोठी की चॅम्पियनशिप?

चॅम्पियनशिप, नि:संशय. 2022 पासून वर्षाचे दोन भाग झाले आहेत. जुलैअखेर काउंटीचे सामने संपतात आणि मग क्लबची चॅम्पियनशिप जोरात सुरू होते. काउंटीचे विजेते ऑक्टोबरच्या आसपास ठरतात, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये प्रांताचे सामने, जानेवारीत ऑल-आयर्लंड. पूर्वी ही फायनल 17 मार्चला, सेंट पॅट्रिक दिनी व्हायची, आणि जुन्या लोकांना तो दिवस अजून चुकल्याचुकल्यासारखा वाटतो. लीग वर्षभर चालते, पण तिचे बरेच सामने काउंटीतल्या खेळाडूंशिवाय होतात.

श्रेणी मुख्यतः तीन: सीनियर, इंटरमीजिएट, ज्युनियर. 'ज्युनियर' म्हणजे लहान मुलं नव्हेत, खालच्या श्रेणीतली मोठी माणसं. यावरून गोंधळ खूप होतो. वर जाणं आणि खाली घसरणं दोन्ही असतं. खाली घसरण्याचा सामना फायनलपेक्षा जास्त जिवावर येतो, कारण सीनियरमधून घसरलात की शेजाऱ्याशी वर्षातून होणारी गाठच सुटते.

11. सर्वांत मोठा वारसा कोणाचा?

ऑल-आयर्लंड क्लब स्पर्धा 1970-71 ला सुरू झाली. विजेत्याला मिळतो तो अँडी मेरिगन कप. मेरिगन हा वेक्सफर्डच्या कॅसलटाउन क्लबचा खेळाडू; 1973 मध्ये शेतातल्या अपघातात गेला. आकड्यांत कॉर्कचा नीमो रेंजर्स पुढे आहे: 1973 ते 2003 दरम्यान 7 विजेतेपदं. आर्मा काउंटीतल्या क्रॉसमॅग्लेन रेंजर्सची 6, गॉलवेच्या कोरोफिनची 5. कोरोफिननं 2018, 2019 आणि 2020 अशी सलग तीन जिंकली, जे फुटबॉलमध्ये आधी कोणालाच जमलं नव्हतं.

आमच्या मते मात्र वजन क्रॉसमॅग्लेनकडे झुकतं. सीमेवरचं गाव, मैदानाला खेटून ब्रिटिश लष्कराचा तळ, डोक्यावर हेलिकॉप्टरची घरघर. अशा ठिकाणी त्यांनी 1996 ते 2008 सलग 13 वेळा काउंटी जिंकली. एवढ्या काळात एक पिढी निवृत्त होते आणि दुसरी मैदानात येते, म्हणजे तेरापैकी निम्मं श्रेय लहान मुलांना शिकवणाऱ्यांचं आहे. याच्या उलट टोकाला शेजारची टिरोन काउंटी. कॅरिकमोरनं 2004 आणि 2005 अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकल्यावर पुढची 20 वर्षं तिथे एकाही क्लबला विजेतेपद राखता आलं नाही. तिथे विजेता होणं म्हणजे पुढच्या वर्षी सगळ्या काउंटीचं निशाण होणं.

डाउन काउंटीच्या किलकूचंही नाव घ्यायलाच हवं. 1937 नंतर थेट 2009 मध्ये काउंटी जिंकलेला हा क्लब 2022 मध्ये जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी गोल करून ऑल-आयर्लंड विजेता झाला.

12. काउंटी न जिंकताही क्लब प्रांताचा विजेता कसा होतो?

केरीच्या रचनेमुळे. तिथल्या काउंटी चॅम्पियनशिपमध्ये मोठे क्लब असतात आणि 'डिव्हिजन'चे संघही. डिव्हिजन म्हणजे एका भागातल्या लहान क्लबांतून निवडलेला एकत्र संघ. ईस्ट केरी हा त्यातला सर्वांत गाजलेला. 2019, 2020, 2022 आणि 2023 ची काउंटी त्यांनी जिंकली. पण प्रांताच्या स्पर्धेत आता खरा क्लबच पाठवता येतो. डिव्हिजन जिंकलं तर केरीच्या वेगळ्या क्लब चॅम्पियनशिपचा विजेता मन्स्टरमध्ये जातो. 2022 मध्ये असंच झालं: काउंटीचा कप ईस्ट केरीकडे, आणि मन्स्टरचा कप प्रश्न 8 मधल्या केरिन्स ओराहिलीजकडे.

पूर्वी हा निर्बंध नव्हता, म्हणूनच पहिल्या ऑल-आयर्लंड क्लब विजेत्याच्या जागी 'ईस्ट केरी' असं नाव दिसतं. ती छपाईची चूक नाही.

यामुळेच डेव्हिड क्लिफर्डसारखा 2022 चा सर्वोत्तम फुटबॉलपटू एका वर्षात ईस्ट केरीकडून सीनियर आणि आपल्या फॉसा क्लबकडून ज्युनियर खेळलेला दिसतो. जानेवारी 2023 मध्ये फॉसानं क्रोक पार्कवर ऑल-आयर्लंड ज्युनियर विजेतेपद मिळवलं. देशातला सर्वांत मोठा खेळाडू, आणि क्लब सर्वांत खालच्या श्रेणीत. तरी त्यानं क्लब बदलला नाही.

13. एखाद्या वाडीला आपला वेगळा क्लब काढायचा असेल तर?

काढणं फार अवघड, आणि ते तसं असण्यात शहाणपण आहे. त्यासाठी काउंटीची मान्यता लागते, आणि एका पॅरिशमध्ये दुसरा क्लब द्यायला काउंटी सहसा नाखूश असते. शिवाय क्लबचं मैदान एका गटाच्या मालकीचं नसतं, ते संघटनेच्या विश्वस्तांच्या नावावर असतं. रागानं बाहेर पडणाऱ्याला ना मैदान मिळतं, ना नाव, ना कपाटातले कप.

टिरोनमधला ग्लेनकलचा वाद याचं सर्वांत ठळक उदाहरण. 1982 मध्ये बॅलीगॉलीच्या सेंट किरॉन्स क्लबात एका सामन्यावरून बिनसलं आणि ग्लेनकल भागातले खेळाडू बाहेर पडले. त्यांना स्वतंत्र क्लब हवा होता, तो मिळाला नाही. आठेक वर्षं एका पॅरिशमध्ये दोन तट राहिले. टिरोनचा पुढे गाजलेला खेळाडू पीटर कॅनव्हन त्याच काळात मोठा होत होता. क्लब नसेल तर काउंटीकडून खेळता येत नाही, म्हणून त्याची नोंद किलीक्लॉहर इथल्या हर्लिंग क्लबात करण्यात आली, आणि अशा रीतीनं तो टिरोनकडून फुटबॉल खेळला. 1990 मध्ये दोन्ही बाजू एरिगल किरॉन या नव्या नावाखाली एकत्र आल्या. तीनच वर्षांत, 1993 मध्ये, त्यांनी टिरोन आणि अल्स्टर दोन्ही जिंकलं. 2024 मध्ये ते पुन्हा अल्स्टरचे विजेते झाले तेव्हा कॅनव्हनची दोन्ही मुलं, डाराह आणि रुअरी, संघात होती.

इथून शिकण्यासारखं हे की समेट करताना कोणत्याही एका बाजूचं जुनं नाव जसंच्या तसं ठेवलं नाही.

14. क्लब बदलायचा असेल तर? अर्ज का नाकारला जातो?

एकाच काउंटीत बदल असेल तर काउंटी समिती पोटनियम पाहून ठरवते. काउंटीच बदलत असेल तर तुमचा कायमचा पत्ता नव्या ठिकाणी असल्याचं दाखवावं लागतं. अर्ज ऑनलाइन होतो, त्यात जुन्या क्लबचं म्हणणं घेतलं जातं. नकाराची नेहमीची कारणं अशी: तात्पुरता भाड्याचा पत्ता, मुदत उलटून गेलेली, किंवा नव्या क्लबच्या हद्दीत घरच नाही. एकाच वर्षी एकाच चॅम्पियनशिपमध्ये दोन क्लबांकडून खेळता येत नाही, म्हणून पहिला सामना खेळण्याआधी ठरवा.

उलटा प्रवास, म्हणजे मूळ क्लबात परत येणं, तुलनेनं सोपा आहे. नोकरीसाठी दहा वर्षं डब्लिनला राहून पस्तिशीत गावच्या ज्युनियर संघात परतणारे पुष्कळ.

15. गावात पोरंच उरली नाहीत तर क्लबचं काय होतं?

हा आजचा सर्वांत दुखरा प्रश्न आहे, विशेषतः पश्चिम किनाऱ्यावर. 15 जणांचा संघ उभा करायला साधारण 22-24 खेळाडू यादीत लागतात. शाळेत एका वर्गात चार मुलं असतील तर हे गणित जुळत नाही. पहिली पायरी म्हणजे फक्त मुलांच्या वयोगटात शेजारच्या क्लबशी एकत्र संघ. मोठ्यांचे संघ वेगळेच राहतात. दुसरी पायरी कमी खेळाडूंच्या स्पर्धा, 13 किंवा 11 विरुद्ध 11. शेवटची पायरी पूर्ण विलीनीकरण.

ते फसतं ते तीन गोष्टींवर: नाव, रंग आणि मैदान. सराव एकाच मैदानावर ठेवला तर दुसऱ्या गावातली मुलं दोन वर्षांत गळतात. ज्यांनी सराव आलटून पालटून ठेवला, दोन्ही गावांतले प्रशिक्षक घेतले आणि जर्सीला तिसराच रंग दिला, त्यांचं बरं चाललं. कॉर्कचा नीमो रेंजर्स 1922 मध्ये नीमो आणि रेंजर्स अशा दोन क्लबांतून झाला, आणि पुढे काय झालं ते प्रश्न 11 मध्ये आहेच. गॉलवेच्या किलकेरिन-क्लोनबर्नच्या महिला संघानं 2021 ते 2024 सलग चार ऑल-आयर्लंड जिंकल्या.

16. महिलांच्या क्लबांतही अशीच चुरस असते?

तेवढीच. महिलांची संघटना 1974 मध्ये त्याच थर्लसच्या हेज हॉटेलात स्थापन झाली. ती जीएएपासून वेगळी आहे, पण क्लबचं मैदान आणि जर्सी बहुतेक ठिकाणी एकच. मेयोचा कार्नाकन हा छोटा क्लब त्यांची खेळाडू कोरा स्टॉन्टन हिच्या काळात 6 वेळा ऑल-आयर्लंड विजेता झाला.

17. 2023 च्या ऑल-आयर्लंड क्लब फायनलमध्ये 'जास्त खेळाडू'चं प्रकरण काय होतं?

जानेवारी 2023. डब्लिनचा किलमकड क्रोक्स ग्लेनपेक्षा दोन गुणांनी पुढे, 1-11 विरुद्ध 1-9. अगदी शेवटी ग्लेनला 45 मीटरवरून किक मिळाली. त्याच वेळी क्रोक्सनं बदली खेळाडू आत पाठवले, पण बाहेर जाणारे वेळेत बाहेर गेले नाहीत, आणि गोलसमोर 15 पेक्षा जास्त माणसं उभी राहिली. सामना संपला, कप दिला गेला, मग छायाचित्रांतून मोजणी सुरू झाली. ग्लेननं आक्षेप घेतला, स्पर्धा समितीनं फेरसामन्याचा आदेश दिला, क्रोक्सनं अपील केलं. शेवटी ग्लेननं प्रकरण पुढे नेलं नाही आणि विजेतेपद क्रोक्सकडे राहिलं. पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत दोघे परत भेटले. ग्लेननं क्रोक्सला हरवलं आणि मग कपही जिंकला.

क्लबच्या व्यवस्थापकांसाठी धडा सरळ आहे. बदलीची चिठ्ठी चौथ्या पंचाकडे द्या, जाणारा खेळाडू रेषेबाहेर पडल्याशिवाय येणाऱ्याला सोडू नका, आणि शेवटच्या पाच मिनिटांत हे काम एकाच माणसाकडे ठेवा. दोघांनी एकदम नावं पुकारली की हेच होतं.

18. डर्बी, म्हणजे शेजारच्या क्लबांमधला सामना पाहायला जायचं आहे. काय लक्षात ठेवावं?

तिकीट आधीच ऑनलाइन घ्या, कारण अनेक मैदानांच्या फाटकावर रोख घेत नाहीत. तासभर आधी पोहोचा. गाड्या रस्त्याच्या कडेला अर्धा-अर्धा मैल लागतात. दोन्ही बाजूंचे लोक एकत्रच बसतात, सॉकरसारखी वेगळी कुंपणं नसतात, म्हणून शेजारी कोण बसलं आहे ते आधी ओळखा. ज्या खेळाडूला तुम्ही नावं ठेवाल त्याची आई बहुधा मागच्याच बाकावर असते.

मैदानावर कार्डांकडे लक्ष ठेवा. काळं कार्ड मिळालं की 10 मिनिटं बाहेर. 2025 पासून पंचाशी हुज्जत घातली किंवा फ्री किकचा चेंडू परत दिला नाही तर किक 50 मीटर पुढे नेतात. डर्बीत डोकं तापलेलं असतं, त्यामुळे आपल्याच गोलसमोर दिलेली अशी एक भेट आख्खा सामना फिरवते. शिटी झाल्यावर लगेच निघू नका. प्रेक्षक मैदानात उतरतात, लहान पोरं खांबांमध्ये किका मारत राहतात, आणि तासभर एकमेकांना ढकलणारे दोघं खेळाडू चिखलातच बसून, पाठीला पाठ टेकवून, बूट सोडत असतात.